लॉरेनचं प्रकरण

अयोध्या नगर, भोपाळ
१४ जानेवारी २०२४

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि जुई कॉम्प्युटरवर उतरवून घेते आहे, ईमेलने धाडेल. माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहेच. कोणी समोर येऊन उभं राहिलं एवढं समजतं, कोण ते आवाजावरून ओळखायचं. तू रविवारी फोन करतोस, औषध घेतलं का विचारतोस, मी घेतलं म्हणतो, की संपलं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. लिहिताना माणसाला विचार करावा लागतो.

तू पाठवलेली कादंबरी पोचली. जुई म्हणते विटेएवढी जाड आहे. ती मनात इंग्रजी वाचते आणि मला मराठीत सांगते. शाळेतून आली, चहा झाला, की बसतो. अमेरिकेचा इतिहास म्हणून तू पाठवलीस, पण यात इतिहास कुठे आहे? सगळा गाळ आहे. राष्ट्राध्यक्षाच्या खुनाआधीची काही वर्षं. पोलीस हप्ते खातात, युनियनचे पुढारी गुंड पाळतात, सरकारी माणसं एकमेकांचे फोन चोरून ऐकतात. कोणी कोणाचा नाही. मला आवडली. मी कारखान्यात जन्म काढला, माणसं अशीच असतात. आमच्याकडे फक्त पिस्तुलं नव्हती.

तूही वाच, म्हणजे लिहायला विषय होईल. सौ. रसिका आणि चि. ऋतुजास आशीर्वाद.

तुझा,
बाबा

दादा, खाली मी दोन ओळी घालतेय, त्यांना माहीत नाही. ते खरंच खूश आहेत. दुपारपासून विचारतात, चहा कधी. पत्र टाळू नकोस. — जुई


क्लीव्हलंड
२८ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. एवढं लांब काही तुमच्याकडून मला शेवटचं कधी आलं आठवेना. हॉस्टेलवर असताना पोस्टकार्ड यायची तुमची, त्यात चार ओळी असायच्या.

मी माझ्यासाठी दुसरी प्रत आणली. पाच प्रकरणं झाली. रसिकाने आधी हातात घेतली आणि चाळीस पानांवर ठेवून दिली. म्हणाली, दर दोन पानांनी एका बाईला मार पडतो आणि लिहिणाऱ्याला त्याची मजा वाटतेय. माझं तसं झालं नाही, मला पुढे काय होतं ते हवंय. इथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ बसतात, त्यांनी ही पूर्वीच वाचली आहे. ते म्हणाले, यातलं सगळं खोटं आहे, पण असंच झालं असणार. मला हसू आलं, मग वाटलं बरोबर बोलतायत.

तुम्हाला कोण आवडलं ते लिहा. मला अजून एकही माणूस असा भेटला नाही ज्याच्याबरोबर चहा प्यावा.

तब्येतीला जपा.

आपला,
समीर


अयोध्या नगर, भोपाळ
१८ फेब्रुवारी २०२४

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस कोण आवडलं. वेंडेल हॉज. तोच तो टेक्सासमधला पोलीस अधिकारी. बाकीचे लोक रागावतात, दारू पितात, बायकांच्या मागे लागतात आणि मरतात. वेंडेल रागावत नाही. त्याच्या बायकोने, लॉरेनने, त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं. कोणाला मारायचं, कधी, सगळं. दुसरा कोणी असता तर त्याने तिचा गळा धरला असता. हा शांतपणे गल्लीतल्या लोकांना सांगायला लागतो की हिचं जरा बरं नाही, हिला भास होतात. मग ती खरं सांगत फिरली तरी लोक मान हलवतात आणि तिला पाणी देतात. याला म्हणतात डोकं.

लेखकाने लॉरेनवर बरीच पानं घातली आहेत. रोज तिचंच चाललेलं असतं. ती भांडी घासताना गुणगुणते आणि नवऱ्याची गाडी आली की थांबते. भाजीत मीठ दोनदा घालते. मुलीची वेणी घालते, सोडते आणि पुन्हा घालते. इतकं बारीक कशाला लिहायचं मला कळत नाही, पण कंटाळाही येत नाही.

एक चूक सांगतो. वेंडेल एकदा तिला तोंडावर मारतो, डोळ्याखाली. हुशार माणूस हे करणार नाही. खूण राहते. मग मोरीत पाय घसरला वगैरे सांगत बसावं लागतं.

तुझा,
बाबा


क्लीव्हलंड
३ मार्च २०२४

जुई,

हे फक्त तुला. बाबांना वाचून दाखवू नकोस.

मी पुस्तक संपवलं. वेंडेल हॉज आहे, त्याची बायको लॉरेन आहे, ती फोन ऐकते हेही आहे. नवव्या प्रकरणात. पण तीन पानं, जुई. तिसऱ्या पानाच्या शेवटी दोन माणसं येऊन तिला वेड्यांच्या इस्पितळात घेऊन जातात आणि पुढे साडेपाचशे पानांत तिचं नावसुद्धा येत नाही. ती भांडी घासत नाही. तिच्याकडे भांडी घासायला एक बाई आहे. तिला मुलगी नाही.

गुणगुणणारी आणि गाडीचा आवाज आला की थांबणारी बाई मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. तू बाबांना काय वाचून दाखवतेस?

समीर


भोपाळ
९ मार्च २०२४

दादा,

घाईत वाचलं असशील. आवृत्त्या वेगळ्या असतात. माझ्याकडे बोर्डाचे गणिताचे पेपर तपासायला आलेत, वर शाळेत दोन जणी रजेवर. बाबा मजेत आहेत. कमोडची सीट तुटली होती ती बदलली. लिहीन सावकाश.

जुई


अयोध्या नगर, भोपाळ
२४ मार्च २०२४

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल लॉरेनला नेलं. तीन दिवस त्याचीच तयारी चालली होती. मला वाटलं होतं आता काहीतरी चांगलं वाचायला मिळेल, पण लेखकाने पार विचका केला. सकाळी दारात रुग्णवाहिका येते, पांढऱ्या कपड्यातले दोन पुरुष तिचे दंड धरतात, ती किंचाळते, गल्ली गोळा होते. हे नाटकात ठीक. प्रत्यक्षात अशाने घोटाळा होतो. एकदा बाई रस्त्यात किंचाळली की दहातल्या एकाला तरी शंका येते.

असं करायचं नसतं. दुपारची वेळ धरायची. पुरुष कामावर, मुलं शाळेत, बाया आडव्या झालेल्या. गाडी दवाखान्याची नको, ऑफिसची जीप चांगली, रोज येणारी, तिच्याकडे कोणी बघत नाही. तिला सांगायचं डोळे तपासायला जायचंय. आणि सर्वांत महत्त्वाचं, बरोबर एक शेजारीण घ्यायची, जिच्यावर तिचा विश्वास आहे. तिलाही हेच सांगायचं, डोळे. म्हणजे दोघी गप्पा मारत जातात. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तिला काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा मैत्रीण शेजारी असते म्हणून ती आरडाओरडा करत नाही. लाजते. डॉक्टर ओळखीचा असला की नवऱ्याची एक सही पुरते.

हे त्या अमेरिकन लेखकाला सुचलं नाही. पोलिसांवर एवढी कादंबरी लिहिलीन आणि साधी गोष्ट ठाऊक नाही.

जुई आज कमी बोलते आहे. घसा बसला आहे म्हणते.

तुझा,
बाबा


क्लीव्हलंड
२६ मार्च २०२४

जुई,

आता खोटं बोलू नकोस. रुग्णवाहिका माझ्या पुस्तकात नाही. तुझ्याही नाही.

मला तुझा राग आलाय, तो आधी सांगतो. एक माणूस ऐंशीला टेकलाय, आंधळा झालाय, जगाशी त्याचा संबंध फक्त तुझ्या तोंडून. तो तुझ्यावर विश्वास ठेवून बसतो आणि तू त्याला त्याच्याच आजारी बायकोची गोष्ट गोऱ्या नावाने ऐकवतेस. कशासाठी? तो रडावा म्हणून?

आई आजारी होती. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. मी पुण्याला होतो, पण मी मोठा होतो. बाबांचं पोस्टकार्ड आलं होतं, आईचं मन थाऱ्यावर नाही, दवाखान्यात ठेवावं लागलं, तू परीक्षा बघ. दिवाळीत घरी आलो तर ती गोळ्या घेऊन खुर्चीत बसलेली. माझ्याशी बोलायला तिला शब्द सापडत नव्हते. मी पाहिलंय तिला. ऋतुजाच्या वेळी रसिकाला तिला इथे बोलवायचं होतं बाळंतपणाला. बाबांनीच सांगितलं, तान्हं मूल तिच्या हाती द्यायची जबाबदारी मी घेणार नाही. त्यांना सांगताना किती त्रास झाला असेल. मी ऐकलं. ती नातीला एकदाही न बघता गेली, आणि तू आता त्यावर गोष्टी रचतेस.

बंद कर हे.

समीर


भोपाळ
७ एप्रिल २०२४

दादा,

हो, मी रचलं. नवव्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानापासून.

मी ठरवून सुरुवात केली नव्हती. लॉरेन आली, तिच्या नवऱ्याने गल्लीत सांगायला सुरुवात केली की हिला भास होतात, आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, वा. मी पान उलटलं तर पुढे चार ओळींत तिचा निकाल. मला त्या चार ओळी वाचवेनात. मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं आणि भांडी घासायला लावली.

मला काय हवं होतं सांगू? मला त्यांना रडवायचं नव्हतं. मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की हा माणूस वाईट आहे. नाव वेंडेल असलं तरी चाललं असतं. रोज मी वेंडेलला आणखी वाईट करत गेले. त्याने तिला मोरीत कोंडलं. तिच्या भावाची पत्रं तिच्या हाती लागू दिली नाहीत. तिचं मंगळसूत्र, म्हणजे गोष्टीत अंगठी, लपवून तिनेच हरवलं म्हणून कॉलनीभर बोंब केली. यातलं काहीही मी मनाने घातलेलं नाही, हे सगळं मी पाहिलंय. आणि रोज बाबा म्हणायचे, पुस्तकात हा एकच माणूस कामाचा.

तू पाहिलेली आई गोळ्या घेतलेली होती. गोळ्यांच्या आधीची मी पाहिलीय. ती आजारी नव्हती, दादा. तिने कारखान्याच्या टाउनशिपमध्ये बाबांच्या मोठ्या साहेबांच्या बायकोकडे जाऊन पाठ दाखवली होती, वळ होते तिच्या पाठीवर. मला बरोबर घेऊन गेली होती. तिला वाटलं, मोठ्या घरची बाई आहे, काही करेल. त्या बाईंनी संध्याकाळी बाबांनाच बोलावून सांगितलं. त्यानंतर आठवड्याभरात कॉलनीतल्या सगळ्या बायका आईशी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तशा बोलायला लागल्या. "भाभीजी, आप आराम किया करो." माझ्यासमोर.

आणि आता त्यांचं ते पत्र पुन्हा काढून वाच, जीपचं. तिला कसं नेलं ते मला माहीत नव्हतं. मी शाळेत होते. आई परत आल्यावर त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणून मी सिनेमात असतं तसं घातलं, रुग्णवाहिका, किंचाळणं. ऑफिसची जीप मी सांगितली नाही. डोळे तपासणं मी सांगितलं नाही. ती ओळ उतरवून घेताना माझी बोटं थांबली तर म्हणाले, झालं का लिहून, पुढचं सांगतो.

तुझा विश्वास बसणार नाही म्हणून मी मंगलाकाकूंकडे गेले. आपल्या शेजारच्या. हल्ली त्या मुलाकडे, तुषारकडे असतात, शिवाजी नगरला, त्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी दर संक्रांतीला जाते, त्या मला तिळाच्या वड्या देतात, आईची आठवण काढून डोळे पुसतात. मी विचारलं, "काकू, आईला नेलं त्या दिवशी जीपमध्ये तुम्ही होतात?"

त्या मटार सोलत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "तुझे बाबा म्हणाले डोळे तपासायचेत, एकटी जायला घाबरते."

"आणि तिथे पोचल्यावर?"

"तिने माझा पदर धरला होता, जुई. मी सोडवला. मला वाटलं बरी होऊन येईल. सगळे तेच म्हणत होते."

"नंतर कधी काही बोलला नाहीत."

"कोणाला सांगणार? तुझ्या बाबांना?" मग म्हणाल्या, "चहा घेशील?"

मी घेतला. मला नाही म्हणता आलं नाही, हे तुला लिहिताना विचित्र वाटतंय.

आता तू ठरव. मी वाचन थांबवलेलं नाही. लॉरेन दवाखान्यात आहे. बाबा रोज विचारतात, तिथे तिचं काय चाललंय.

जुई


क्लीव्हलंड
१२ मे २०२४

बाबा,

बरेच दिवस मी काही लिहिलं नाही. महिनाभर रविवारचे फोनही केले नाहीत. तुम्ही जुईकडे चौकशी केली नाहीत असं ती म्हणाली.

कादंबरीबद्दल लिहायचं नाहीये. एकच विचारायचंय, आणि जुईला सांगितलंय की हे पत्र शब्दाला शब्द वाचून दाखव.

माझी आई वेडी होती का?

मला तुमच्या पोस्टकार्डातलं वाक्य अजून पाठ आहे. मी ते मित्रांना सांगितलं, रसिकाला लग्नाआधी सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. ऋतुजाला डोकं दुखलं तरी मला भीती वाटायची, आजीचं काही हिच्यात आलं की काय. इथल्या डॉक्टरांनी घराण्यात काही आहे का असं विचारलं की मी दर वेळी हो म्हणत आलो.

हो किंवा नाही, एवढंच लिहा.

समीर


अयोध्या नगर, भोपाळ
१९ मे २०२४

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

नाही. तुझी आई वेडी नव्हती. वेडी असती तर मला एवढे कष्ट पडले नसते.

डॉक्टरने पहिल्यांदा लिहून द्यायला कुरकुर केली होती. तीनदा जावं लागलं. तुला वाटतं तितकं सोपं नव्हतं ते. मला दोन मुलं होती, बढती तोंडावर होती, आणि ती साहेबांच्या दिवाणखान्यात जाऊन पोलकं वर करून दाखवते. नोकरी गेली असती तर तुझी पुण्याची फी कोणी भरली असती? शिकलास, अमेरिकेला गेलास, ते त्या जीपमध्ये बसून गेलास असं समज.

ऋतुजाच्या डोकेदुखीचा काही संबंध नाही. चष्म्याचा नंबर बघा.

तुझा,
बाबा

दादा, हे त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. मी एक शब्द बदललेला नाही. — जुई


क्लीव्हलंड
२१ मे २०२४

जुई,

रसिकाने वाचलं, आणि ती उठून ऋतुजाच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी अजून टेबलाशीच आहे.

मी येणार नाही. आताही नाही आणि ते गेल्यावरही नाही. तू मला कळवायचं तेवढं कळव, पण माझी वाट बघू नका. तूही तिथे राहू नकोस. तू का राहिलीस हे मला कधी विचारायचं सुचलं नाही. मला वाटायचं तुला आवडत असेल.

त्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, जीपमध्ये बसून गेलास ते. त्यांनी ते मला घेऊन फिरायला दिलंय, जन्मभर. त्यांना बरोबर माहीत होतं कुठे मारायचं.

समीर


शाहपुरा, भोपाळ
१६ जून २०२४

दादा,

पत्ता बघितलास ना. मी शाहपुऱ्यात राहायला आले. शाळेतली मधुरा इथे तलावाजवळ राहते, तिच्या वरची खोली रिकामी होती. बाबांकडे एजन्सीतून दोन माणसं ठेवली आहेत, एक दिवसाचा, एक रात्रीचा. दोघे चांगले आहेत. बाबांना ते पटलेत, त्यांची तक्रार एवढीच की दोघांनाही मराठी येत नाही.

तू लिहिलंस, तिथे राहू नकोस. मी त्याच आठवड्यात निघणार होते. पण मला एकदा त्यांच्यासमोर बोलायचं होतं, म्हणून दोन-तीन आठवडे गेले. धीर होत नव्हता. एकेचाळीस वर्षांची बाई, पाचशे पोरांना गणित शिकवते, आणि आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जीभ उचलत नव्हती.

शेवटी गेल्या रविवारी बसले. पुस्तक उघडलंच नाही. म्हटलं, "बाबा, लॉरेन पुस्तकात नाही. होती, तीन पानं. बाकी सगळं मी सांगत होते. ती आई होती."

ते म्हणाले, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"वेंडेलने डबा भिंतीवर फेकला ना, भाजी तिखट होती म्हणून. टेक्सासचा पोलीस अधिकारी कामावर भाजी-पोळीचा डबा नेतो? तेव्हाच कळलं."

दादा, ते फेब्रुवारीतलं होतं. पहिल्याच आठवड्यातलं. म्हणजे तुला पाठवलेलं ते डोळ्याखालच्या खुणेचं, ते जीपचं, सगळं त्यांनी माहीत असून सांगितलं. मी सापळा लावून बसले होते आणि ते त्यात आरामात खुर्ची टाकून बसले होते.

मी विचारलं, "मग सांगत का गेलात?"

"तू विचारत होतीस म्हणून. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. तू चुकीचं सांगायला लागलीस तेव्हा दुरुस्त केलं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. गिरणीतून दळण आणताना काय झालं ते सांगावं तसा. मी बघत होते, काही हलतंय का चेहऱ्यावर. काही नव्हतं. उलट जरा मोकळं वाटल्यासारखे दिसत होते, आणि ते बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी चार महिने रोज त्यांना ते सुख दिलं होतं.

मी उठले. बॅग आधीच भरलेली होती, खाटेखाली. ते म्हणाले, "निघालीस का?" मी हो म्हटलं. "कुठे?" शाहपुऱ्याला. "बरं. जाताना पंखा एकवर कर."

मी पंखा कमी केला. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मला वाटलं, आता यापुढे मी यांना कधीच काही विचारणार नाही, आणि त्या दिवसाबद्दल सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलेलं नाही. मंगलाकाकू आता नीट बोलत नाहीत, मी गेले की झोपल्याचं सोंग घेतात.

मी विचारलं, "जीपमध्ये आई काय बोलत होती?"

"काय बोलणार? त्या दोघींचं काहीतरी. हळदीकुंकवाचं."

"आणि आत नेलं तेव्हा?"

ते आठवायला लागले. त्यांना खरंच आठवून सांगायचं होतं, ते या बाबतीत काटेकोर आहेत. म्हणाले, "आधी मंगलाचा पदर धरून उभी होती. मग मंगला बाहेर गेली, नर्सने हिला धरलं. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, जुई शाळेतून आली की तिला दार कोण उघडेल."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. मी सही करत होतो."

मी निघाले. रिक्षात रडू आलं नाही, इथे आल्यावरही नाही. मधुराने खिचडी केली होती, ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी सुट्टीतलं प्रवेशाचं काम होतं शाळेत, गेले.

पण आता तुला ते सांगते. त्या दिवशी मी शाळेतून आले तर दाराला कुलूप होतं. आपल्या दाराला दिवसा कुलूप मी कधी पाहिलंच नव्हतं. मी दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसले. ऊन पायरीवरून गेलं, समोरच्या घरातले दिवे लागले, तरी कोणी आलं नाही. मला खूप भूक लागली होती आणि आईचा राग आला होता. मला वाटत राहिलं, ही कुठेतरी गेली आणि माझी तिला आठवणही झाली नाही. ती परत आली, माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिली, तेव्हाही मला तेच वाटत होतं. ती गेली तेव्हाही.

तिने विचारलं होतं, दादा. तिला दार कोण उघडेल, हे तिने विचारलं होतं.

जुई